झेंड्याच्या टोकावरचं टिंब

सव्वीस वर्षं मी डिप्लोमाच्या मुलांना सर्व्हेइंग शिकवलं. दर वर्षी ट्रँग्युलेशनचा धडा आला की फळ्याच्या तळाशी एक आडवी रेघ ओढायची. ही बेसलाइन. ती साखळीनं काटेकोर मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या एका डोंगरमाथ्यावर नजर लावून दोन कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन हातात आले की उरलेल्या दोन बाजू गणितानं मिळतात, त्यासाठी जमिनीवर पाऊल टाकावं लागत नाही. त्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी पुढचा. असा अख्खा हिंदुस्थान मोजला गेला, हे सांगताना मी फळ्यावरच्या शिरोबिंदूला खडूनं एक ठसठशीत टिंब द्यायचो.

डोंगरावरचं खरं टिंब मात्र निवृत्त होईपर्यंत पाहिलं नव्हतं. याची बोच होती.

भोर तालुक्यात नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाच्या अलीकडे एक डोंगर आहे. त्याचं नाव मी इथे देणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात त्याच्या माथ्यावर एक छोटा त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा छापलेला आहे. असा त्रिकोण असला, की त्या जागी कधीतरी कोन मोजायचा थिओडोलाइट उभा राहिलेला असतो आणि खाली खडकात किंवा पुरलेल्या दगडावर कोरलेली खूण असते. कॉलेजात असताना एका जुन्या टोपोशीटवरून त्या त्रिकोणाचे अक्षांश-रेखांश मी डायरीत उतरवून घेतले होते. डायरी बरीच वर्षं कपाटात पडून होती. यंदा जानेवारीत भाचा म्हणाला, "मामा, नुसतं बोलत काय बसलाय, जाऊन येऊ की!" आणि आम्ही निघालो.

पायथ्याच्या वाडीत मुक्काम केला. वाट दाखवायला सत्तरीच्या घरातले एक बाबा तयार झाले. मोजणीचा दगड म्हटल्यावर त्यांना पटकन उमगलं नाही. मी हातवारे करून दगडी बुरूज, वर काठी, काठीला झेंडा असं सांगितलं, तसे ते म्हणाले, "मंग झेंड्याचं टोक म्हना की गुरुजी! तिकडं आता कोन जातंय? वाट मोडलीया समदी." त्यांच्या लहानपणी मोजणीवाले तंबू ठोकून राहिले होते. गावातली माणसं रोजानं माथ्यावरची झाडं तोडायला गेली होती आणि बाबांनी आईबरोबर त्यांना पाणी पोचवलं होतं. नंतर गुरं कमी झाली, जळण आणायला जाणाऱ्या बायका कमी झाल्या, तशी वाटही गेली.

सकाळी साडेसहाला निघालो. प्रत्येकी तीन लिटर पाणी, भाकरी-ठेचा, बाबांच्या कमरेला आकड्यात कोयता. माझ्या पिशवीत आणखी एक वस्तू होती. माझा जुना पितळी ओळंबा.

पहिला तासभर ढोरवाट होती, म्हणून सोपं गेलं. पदरावर एक पडका गोठा लागला, तिथून वाट संपली. पुढे सोंडेवरून सरळ वर चढायचं होतं. करवंदीच्या जाळ्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यांच्यावर चिल्हारीचे वेल चढलेले. चिल्हारीचा काटा मागे वळलेला असतो. पुढे जाताना तो लागत नाही, पण एकदा कापडात शिरला की ओढावं तसा जास्त रुततो. बाबा सांगत होते, "वढू नका, मागं सरा, मंग सोडवा." प्रत्येक दहा पावलांना मागे सरायचं, एकेक काटा बोटांनी उचलायचा, पुन्हा पुढे. आपण वर चढतोय हे फक्त खालच्या धरणाचं पाणी लहान होत गेल्यावरून कळत होतं.

त्यातच भाच्यानं खाजकुइलीच्या वेलाला हात लावला. जानेवारीत तिच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि त्यांच्यावरची सोनेरी-तपकिरी लव नुसत्या वाऱ्यानं उडते. मऊ मखमलीसारखी दिसते म्हणून त्यानं शेंग वाकवून पाहिली. मिनिटभरात मनगटापासून कोपरापर्यंत आग. तो बाटलीचं पाणी ओतणार, एवढ्यात बाबांनी हात धरला. "पानी नको, चोळू बी नको पोरा." ते खाली ढोरवाटेपर्यंत गेले, पानात ओलं शेण घेऊन आले आणि त्याच्या हातावर जाड लेप दिला. लेप वाळेपर्यंत आम्ही थांबलो. वाळल्यावर बाबांनी तो एका काटकीनं खालून वर खरवडून काढला, त्याबरोबर लवही निघाली. अर्ध्या तासात पोराचा चेहरा माणसात आला. डोंगरात जाणाऱ्यांनी हा उपाय लक्षात ठेवावा, कारण पाणी लावून चोळलं की ती लव पसरते.

सोंड संपल्यावर कारवी लागली. कारवीचं रान ज्यानं आतून पाहिलं नाही त्याला ते समजावणं कठीण. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा डोंगर जांभळा-निळा होतो आणि लोक गाड्या करून बघायला येतात. एरवी ती म्हणजे पुरुषभर उंचीच्या, अंगठ्याएवढ्या जाड काठ्यांची भिंत. ह्याच काठ्यांचे कूड करून त्यावर शेणमाती लिंपून मावळातली घरं उभी राहिली. दोन काठ्यांमध्ये खांदा जात नाही, आणि मोडलेल्या काठीचं टोक भाल्यासारखं पोटरीत घुसतं. बाबांनी कोयता काढला खरा, पण दहा-बारा काठ्या तोडून पुन्हा आकड्यात अडकवला. "किती तोडनार? डुकराच्या वाटंनं जाऊ," म्हणाले. रानडुकरांनी कारवीच्या बुडातून ये-जा करून बोगदे पाडलेले असतात. आम्ही त्या बोगद्यांतून कधी वाकून, कधी चक्क रांगत निघालो. बाबा अधूनमधून खाकरायचे, कोयत्याची मूठ खोडावर आपटायचे. आत कुणी असेल तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून.

रांगताना माझ्या मनात अर्धा टन हा आकडा फिरत होता. हिंदुस्थानची ही त्रिकोणांची मोजणी, म्हणजे ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे, सुरू करणाऱ्या विल्यम लँब्टननं मद्रासला सेंट थॉमस माउंटजवळ 10 एप्रिल 1802 रोजी पहिली बेसलाइन मोजायला घेतली. त्याचा मोठा थिओडोलाइट छत्तीस इंची होता आणि वजन अर्ध्या टनाच्या घरात. तो माणसांच्या खांद्यावरून डोंगर-डोंगर हिंडला. आमच्या भागातल्या स्टेशनांवर उपकरणं त्यापेक्षा लहान असतील, पण ती खांद्यावरूनच आली. आम्हाला पाठीवर तीन लिटर पाणी जड होत होतं.

अकराच्या सुमारास माथ्याला लागलो. माथा कसला, म्हशीच्या पाठीसारखा लांबट माळ आणि त्यावरही कारवीच. खालून टोकदार दिसणारा डोंगर वर गेल्यावर असा पसरतो. उंच जागा कुठली आणि सखल कुठली, काही कळेना. बाबा लहानपणी आले होते तेव्हा माथा साफ केलेला होता, त्यामुळे त्यांनाही दिशा लागेना. पण आम्हाला चिंता नव्हती, भाच्याच्या मोबाइलवर खूण टाकलेली होती. खुणेकडे जात राहिलो आणि खुणेवर पोचलो.

तिथे काहीच नव्हतं.

कारवी, पालापाचोळा, एक अंजनीचं झुडूप. मोबाइल सांगत होता, तुम्ही पोचलात. आम्ही भोवती दहा पावलांचं रिंगण घेतलं, मग वीस पावलांचं. काठीनं पाला उकरला, खडकाचा प्रत्येक तुकडा हातानं पुसून पाहिला. तासभर गेला. भाचा म्हणाला, "मामा, मोडून नेला असेल कुणीतरी." मलाही तसंच वाटू लागलं. दोन कोरीव रेघा राखायला डोंगरावर कोण बसलंय?

भाकरी खायला बसलो तेव्हा डायरी मांडीवर होती. अक्षांश-रेखांशांच्या खाली मी माझ्याच अक्षरात टोपोशीटचा क्रमांक लिहिला होता. तो वाचला आणि घास हातातच राहिला. जुनं टोपोशीट! जुनं टोपोशीट एव्हरेस्टच्या लंबगोलावर आणि मोबाइल डब्ल्यूजीएस-84 वर.

हे जरा सांगायला हवं, कारण आमचं सगळं शोधणं यावर अडलं होतं. पृथ्वी पुरती गोल नाही, थोडी चपटी आहे. किती चपटी, हे ठरवल्याशिवाय नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या रेघा मारता येत नाहीत. लँब्टननं दक्षिणेतून उत्तरेकडे त्रिकोणांची जी लांब माळ नेली, ती याचसाठी. नुसत्या जमिनी मोजायला एवढा खटाटोप लागत नाही. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टनं ती माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, आणि त्याआधीच, तोवरच्या मोजमापांतून, 1830 मध्ये पृथ्वीचा जो आकार काढला, त्यावर आपले टोपोशीट पुढे पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. तो आकार हिंदुस्थानच्या जमिनीला चपखल बसवलेला होता. उपग्रह आले आणि सगळ्या पृथ्वीसाठी एकच आकार धरला गेला, तो डब्ल्यूजीएस-84. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे घातले तर जागा सरकते. आपल्या सह्याद्रीत ती सव्वाशे मीटरच्या आसपास सरकते. हेच मी वर्गात शिकवत आलो होतो आणि आकडे भाच्याला सांगताना विसरलो होतो.

डायरीच्या पानावर बेरीज-वजाबाकी केली. खरी जागा आम्ही बसलो होतो तिथून शंभरेक मीटर उत्तरेला आणि पाऊणशे मीटर पश्चिमेला यायला हवी होती. म्हणजे वायव्येला. सव्वाशे मीटर म्हणजे मैदानात दीड मिनिटाचा रस्ता. कारवीत आम्हाला पाऊण तास लागला.

आधी दगड दिसले. एकावर एक पडलेल्या, शेवाळ वाळून करड्या झालेल्या दगडांचा छातीएवढा ढीग, आणि त्यात पांढरट चुन्याचे डिखळे. इतक्या उंचीवर, आजूबाजूला घर नाही की देऊळ नाही, तिथे चुना दिसला की तो माणसानं वाहून आणलेला. बाबा ढिगावर चढले आणि म्हणाले, "हेच गुरुजी. ह्येच झेंड्याचं टोक." मग त्यांचा आवाज उतरला. "पन खनलंय हो कुनीतरी."

बुरुजाची एक बाजू पाडलेली होती आणि मधोमध कमरेएवढा खड्डा होता. आजचा-कालचा नाही, त्यात रामेठ्याचं झुडूप वाढलेलं. वरचा खुणेचा दगड, ज्याच्यावर उपकरण मांडलं असेल तो, नव्हता. बाबा सांगत होते, टोकाखाली हंडा आहे अशी बोलवा होती. साहेबानं एवढा चुना उगीच ओतला होय, असं लोक म्हणायचे. "आमच्या वाडीतली न्हाईत ती मानसं," असंही त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "बाबा, तुमच्यावर कोण बोट दाखवतंय?" पण त्यांना लागलं होतं. लहानपणी पाणी वाहून नेलेली जागा होती ती.

मी खड्ड्यात उतरलो. ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हेवाल्यांनी बुरूज बांधताना एकच खूण ठेवली नाही. वर एक, आणि त्याच उभ्या रेषेत खाली, जमिनीलगत, दुसरी. वरची गेली तरी खालची राहावी म्हणून. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. खोदणाऱ्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. ते खडक लागेपर्यंत खोदत गेले होते आणि खडक लागल्यावर सोडून गेले होते.

झुडूप बाजूला वाकवलं. तळाला हातभर माती आणि कुजलेला पाला होता, तो ओंजळींनी बाहेर काढला. खाली काळा कातळ. भाच्यानं बाटलीतलं पाणी थोडं थोडं सोडलं, मी कारवीची काडी ठेचून तिच्या टोकाचा ब्रश केला आणि घासू लागलो. पहिल्यांदा नुसता चिखल. दुसऱ्या पाण्याला एक वाकडी रेघ दिसली, ती खडकाची भेगही असू शकली असती. तिसऱ्या पाण्याला ती वाकत गेली, माझ्या बोटाखालून फिरली आणि सुरू झाली तिथेच येऊन मिळाली. पसरलेल्या तळव्यात मावेल एवढं वर्तुळ. छिन्नीचे घाव मोजता येतील असे. आणि त्याच्या ऐन मध्यावर करंगळीचं टोक टेकेल एवढा खळगा.

टिंब.

काही वेळ कुणीच बोललं नाही. मग मी पिशवीतून ओळंबा काढला. दोरी बोटावर घेऊन त्याचं टोक खळग्यावर आणलं. वारा होता, माझा हातही स्थिर नव्हता, ओळंबा वर्तुळभर हिंडत राहिला. भाच्यानं दोन्ही हातांचा आडोसा केला. हळूहळू फेरे लहान झाले आणि टोक खळग्याच्या मध्यावर येऊन थांबलं. ज्या कुणी इथे उपकरण लावलं, त्यानंही खूण अशीच ओळंब्याखाली घेतली असणार. त्याशिवाय कोन घेताच येत नाही. एवढं एकच काम आमच्या दोघांच्यात समान होतं, पण ते त्याच खळग्यावर करायला मिळालं याचं मला फार समाधान आहे.

ढिगावर उभं राहिल्यावर कारवीच्या वरून नजर जाते. उत्तरेला राजगड आणि तोरणा, पूर्वेकडे रायरेश्वराचं लांबलचक पठार, दक्षिणेला महाबळेश्वरची रांग. सगळं धुरकट, कडा तेवढ्या ओळखू येत होत्या. जानेवारीत असंच असतं. म्हणून तर लँब्टन-एव्हरेस्टची माणसं पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग काम करायची, पावसानं हवा धुऊन निघालेली असताना. दूरच्या डोंगरावर एक माणूस आरसा घेऊन बसायचा आणि उन्हाची तिरीप इकडे पाडायचा, रात्री दिवा लावायचा. इथला माणूस त्या ठिणगीवर दुर्बीण रोखायचा. पण पावसाळा म्हणजे रानातला ताप, आणि त्या तापानं कित्येक माणसं गेली. लँब्टन हैदराबादहून नागपूरला निघाला असताना 20 जानेवारी 1823 रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचं नाव राहिलं. आरसा धरून दुसऱ्या डोंगरावर दिवसेंदिवस बसलेल्या खलाशांची, वाट तोडणाऱ्यांची, चुना आणि पाणी वर वाहणाऱ्यांची नावं मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात मला भेटली नाहीत. बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "पानी तर आमीबी न्हेलं की." आणि हसले.

भाच्यानं मोबाइल टिंबाशेजारी ठेवून आकडे घेतले. डायरीतल्यापेक्षा अक्षांश सुमारे साडेतीन सेकंद जास्त आला, रेखांश सुमारे अडीच सेकंद कमी. मी पन्नास हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर पट्टी धरून ते आकडे घेतले होते. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी जमिनीवर पंचवीस मीटर होतात. तरी गणित जुळलं. आता डायरीत दोन्ही आकडे आहेत, कुठला कशातला हे शेजारी लिहून.

उतरायच्या आधी आम्ही तिघांनी खड्डा बुजवला. आधी वर्तुळावर पाला, मग माती, मग सपाट दगड, त्यावर बाजूला फेकलेले बुरुजाचे दगड. बाबांनी शेवटचा दगड ठेवला आणि हात जोडले. खाली वाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

डोंगराचं नाव का लिहीत नाही हे आता सांगायची गरज नाही. पण असे त्रिकोण सह्याद्रीत अनेक माथ्यांवर आहेत आणि डोंगर हिंडणाऱ्या तुमच्यापैकी कुणाला तरी ते भेटतीलच. तेव्हा एवढं करा. चुन्याचा बुरूज दिसला तर पाडू नका, त्यावर नावं रंगवू नका. चूल मांडायला त्याचे दगड घेऊ नका. गावात कुणी हंड्याची गोष्ट सांगितली तर सांगा, खाली हंडा नाही, खडकात कोरलेलं एक वर्तुळ आहे आणि मध्ये एक टिंब. बघायचं असेल तर जरूर बघा, हात लावून बघा. मात्र हलवलेले दगड परत होते तसे ठेवून या.